अक्का काय म्हटली?

आधी माफी मागतो. गाण्यावर लिहायचं तर गाणं कळायला हवं, आणि लिहिताही यायला हवं. माझ्याकडे दोन्हींचा पुरावा नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लहानपणी घरात छापलेलं म्हणजे एक पंचांग आणि खताच्या पोत्यांवरची अक्षरं. एखाद्या गाण्यावर माणसाचं 'मत' असू शकतं आणि ते कागदावर लिहून चारचौघांपुढे ठेवता येतं, हे मला बी. ए.च्या वर्गात बसेपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्याकडे मत असतं ते शेजारणीच्या भाजीवर, नाहीतर नव्या बैलावर. पण गेल्या उन्हाळ्यात एका कॅसेटवर मी इतकी मतं ऐकली आणि वाचली, की यंदा अभ्यासाला बसलो तरी तीच आठवतात आणि चीड येते. म्हणून लिहितो आहे. जाणकारांनी चूक दिसेल तिथं पोरगं म्हणून सोडून द्यावं.

जळगावात आता पुन्हा तोच उन्हाळा आहे. एम. ए.साठी इथं आलो तेव्हा वाटलं होतं, धुळ्याचा उन्हाळा धुळ्यातच राहील. तो माझ्या आधी येऊन बसलेला. माठाला ओलं फडकं गुंडाळायचं, दुपारी खिडकीला चादर लावायची, वाचायला बसलं की कोपराला वहीचं पान चिकटतं. बाहेरून केळीचे ट्रक जातात. घडांवर झाकलेल्या पानांचा ओला, हिरवट वास गल्लीत शिरतो आणि उन्हात लगेच विरतो. निंबाचा मोहर झडून निंबोळ्या धरल्या आहेत. बाजारात कुंभारांनी घागरी मांडल्या, खरबुजांचे ढीग लागले, म्हणजे आखाजी आलीच.

बाकी महाराष्ट्रात हिला अक्षय्य तृतीया म्हणतात. आमच्या खान्देशात त्या दिवशी लेकी माहेरी असतात. निंबाला झोके बांधलेले असतात, बाया झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात, खापरावर मांडे होतात. आणि वेगळा मुहूर्त काढावा लागत नाही म्हणून लग्नंही त्याच दिवशी लागतात, गावोगावी, एकामागून एक. मला जे सांगायचं आहे त्याची सगळी अडचण इथंच आहे. लेकी माहेरी हव्यात त्याच दिवशी, आणि बँड हवा तोही त्याच दिवशी.

धुळ्यात मी ज्या घरामागच्या खोलीत राहत होतो, त्या घरात भिकनभाऊ राहायचे. नावाजलेल्या बँडातले गाणारे. लाल कोट, बाह्यांना सोनेरी झालर, हातगाडीवर भोंगे आणि माईकला असा घुमारा लावलेला की एक शब्द गल्लीच्या तीन टोकांना धडकायचा. हळदीची, वरातीची अहिराणी गाणी ते स्वतः रचायचे. त्यांचं गाणं सुरू झालं की नवरदेवाचे मामा घोड्यापुढे लोळून नाचत. हा सगळा लग्नसराईतला आवाज.

घरात त्यांचा दुसरा आवाज होता. तो मी भिंतीतून ऐकायचो. दुपारी वीज गेली, पंखा थांबला की पलीकडून गुणगुणणं यायचं, इतकं हलकं की एखादा स्वतःला काही समजावतो आहे असं वाटावं. चाल ओळखीची असायची. झोक्याच्या गाण्यांची. आमची आई, मावश्या म्हणतात तीच. शब्द मात्र नवे. मी भाषाविज्ञानाच्या टिपा पाठ करत असायचो आणि त्यात ते शब्द मिसळायचे. पेपरात स्वनिमाची व्याख्या लिहिताना मला गाठोडं आठवलं होतं.

गाठोडं शेवंताअक्काचं. अक्का म्हणजे भिकनभाऊंची मोठी बहीण. एरंडोलकडे दिलेली, माझ्या गावाच्या शेजारच्याच गावात, म्हणून मला तिचं घर माहीत. आमच्याकडे लेक आपली आपण उठून सणाला माहेरी येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही आणि बाई तरीही निघाली, तर दोन्ही गावं बोलतात. वडील होते तोवर अक्काला आणायला वडील जायचे. ते गेल्यावर काम भावाकडे आलं. पहिल्याच आखाजीला भिकनभाऊंनी निरोप धाडला, येतो. अक्कानं गाठोडं बांधून उंबऱ्यावर ठेवलं. आणि भाऊ त्या दिवशी शिंदखेड्याकडे कुणाच्या तरी वरातीत गात होते. मोठी सुपारी होती, बँडमालकानं सोडलं नाही. पुढच्या वर्षीही सुपारी होती. त्यानंतर अक्कानंच निरोप धाडला, "आता आणायला येऊ नको." तेव्हापासून अक्का माहेरी आलेली नाही, आणि भाऊही तिच्या दारी गेलेले नाहीत.

मला हे भाऊंच्या बायकोनं सांगितलं. भाऊ स्वतः या विषयावर बोलत नसत. ते फक्त गुणगुणत.

मग गेल्या वर्षी, परीक्षेच्या तोंडावर, त्यांनी त्या गाण्यांची कॅसेट काढायचं ठरवलं. चौकातल्या कॅसेटच्या दुकानाचे पोपटशेठ यांच्याकडे रेकॉर्डिंगचं यंत्र होतं. भाऊंच्याच मधल्या खोलीत चारी भिंतींना गोधड्या टांगल्या, खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला. ढोलकी नाही, झांज नाही. पेटीचा एकच सूर धरलेला, तो भाऊंची बायको धरून होती. मी दाराशी उभा राहून गल्लीतल्या पोरांना गप्प करत होतो. आत माणसं घामानं निथळत होती. तिसऱ्या गाण्याआधी भाऊ थांबले आणि तांब्यातून पाणी प्यायले. तो घोट कॅसेटमध्ये तसाच राहिला.

"तो कापून टाकतो," पोपटशेठ म्हणाले.

"राहू द्या," भाऊ म्हणाले.

"अहो, लोक म्हणतील पोपटशेठला कॅसेट करता येत नाही."

"लोकांसाठी नाही करायची."

पोपटशेठांनी माझ्याकडे पाहिलं. लोकांसाठी नाही तर मग कुणासाठी, हे त्यांना कळलं नाही. मला कळलं होतं. तिसरं गाणं गाठोड्याचं होतं.

उंबरावर गठोडं, तिना डोया वाटवर
सांज व्हयनी, बहीन रडे, पदर लई डोयावर

कॅसेट दुकानात लागली. वेष्टनावर भाऊंचा पांढऱ्या शर्टातला, गंभीर चेहऱ्याचा फोटो. पोपटशेठ म्हणाले, "फोटोला हार तेवढा घालायचा राहिला." ही पहिली समीक्षा.

दुसरी एका नवरदेवाच्या चुलत्याची. भिकनभाऊंची नवी कॅसेट म्हणून त्यानं ऐकून न पाहताच नेली आणि वरातीत भोंग्यावर लावली. दुसऱ्या दिवशी तो दुकानात उभा. "अहो, वऱ्हाड रस्त्यात बसलं. घोड्यानं मान टाकली. एक म्हातारा मला विचारतो, कोण गेलं? बँड कुठे आहे यात?"

"बँड नाही," पोपटशेठ म्हणाले.

"मग भिकनभाऊ कसा?"

मी तिथं सेल घ्यायला गेलो होतो. मला सांगावंसं वाटलं की दादा, हा वरातीचा माल नाही. पण अनोळखी माणसाला असं सांगायचं धैर्य माझ्यात नाही. मी सेल घेतले आणि निघालो. मात्र त्या दिवशी चीड सुरू झाली ती अजून उतरलेली नाही. दुधाच्या दुकानात जाऊन रॉकेल का नाही म्हणून भांडावं, तसं प्रत्येकजण त्या कॅसेटशी भांडत होता.

गल्लीतल्या बायांचं भांडण वेगळं. दुपारी ओट्यावर कुरडया वाळत घालता घालता त्यांनी ती ऐकली. पहिल्या गाण्यालाच हसू फुटलं. झोक्याची चाल बायांची. पुरुषानं झोका द्यावा, फार तर दोर बांधावा, गाऊ नये.

"बाप्या माणूस झोक्याचं गानं म्हने, काय जमाना शे," एक म्हणाली.

"गौराईला मिशा फुटल्या," दुसरी म्हणाली, आणि कुरडयांवरची माशी हाकलायचं विसरून सगळ्या हसत बसल्या.

भाऊंची बायको आतल्या खोलीत होती. तिनं दार लोटून घेतलं. पण तिसरं गाणं लागलं, तो पाण्याचा घोट आला, आणि 'बहीन रडे'पाशी ओटा गप्प झाला. एकीनं पदर डोळ्यांना लावला, गाण्यातल्यासारखाच. "बाई, कसं कळलं असेल त्याला," ती म्हणाली. मी मनात म्हटलं, चला, निदान एक ओळ तरी पोचली. पुढच्या घटकेला त्याच बाईनं विचारलं, "आणि सिनेमाची नाही का भरली मागल्या बाजूला?"

आमच्या कॉलेजात लोकसाहित्य शिकवणारे सर होते. सज्जन माणूस. मी फार भीत भीत त्यांना म्हटलं, सर, एक कॅसेट ऐकाल का? ते म्हणाले, घरी घेऊन ये. त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता म्हणून भाऊंचा घेऊन गेलो. पोचलो तोच वीज गेली. मग सेलवर लावला. ते सेल भाऊंची बायको दोन दिवस पत्र्यावर उन्हात ठेवून पुन्हा पुन्हा वापरत होती. मी घेतलेले नवे सेल माझ्याच खोलीत राहिलेले. टेप फिरायला लागली ती डुलक्या घेत. भाऊंचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा जाड आणि ओढत येऊ लागला.

सरांनी डोळे मिटले. "काय विलंबित लय आहे," ते म्हणाले. "काळच थांबवलाय यानं."

"सर, सेल उतरलेत."

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि ऐकत राहिले. गाणं आणखी मंद झालं. सरांची मान आणखी संथ डोलू लागली. मी खुर्चीच्या कडेवर बसून घामानं भिजत होतो. शेवटी टेप थांबलीच, ओळीच्या मध्यात. "आणि हा शेवट," सर म्हणाले. मी सेल काढून घेतले.

चहा आल्यावर त्यांनी मूळ आक्षेप सांगितला. लोकगीताला कर्ता नसतो. "यानं स्वतः रचलं असेल तर हे लोकगीत नव्हे. आणि लोकगीत असेल, तर मग यानं रचलं कसं?"

"सर, ते इथंच राहतात. मी घेऊन येऊ का त्यांना?"

"त्यांना भेटून काय होणार? प्रश्न तात्त्विक आहे." मग ते म्हणाले, "ते बहीण रडते ना, तिथं मात्र लोकमानस बोलतं. ती ओळ कुणा एकाची असूच शकत नाही."

मी टेपरेकॉर्डर कडेवर घेऊन उन्हातून परत आलो. रस्ताभर स्वतःशी बोलत होतो. त्या ओळीतल्या बहिणीला नाव आहे, गाव आहे. तिच्या अंगणात मी लहानपणी चिंचा वेचल्या आहेत. त्या ओळीला कर्ता नाही असं मी कोणत्या तोंडानं लिहू? आणि यंदाही तो प्रश्न अभ्यासाला आहेच, समोर पडला आहे: लोकगीताला कर्ता नसतो, साधार चर्चा करा.

वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतही चार ओळी आल्या. कुणी लिहिल्या ते छापलं नव्हतं. बोलीचा वापर फार आहे, शुद्ध मराठीत असती तर ही गीतं दूरवर पोचली असती. ध्वनिमुद्रण ढिसाळ, मध्येच कुणी पाणी पितं. मात्र तिसऱ्या गीतातले अश्रू अस्सल. अशा अर्थाचं काहीतरी. मी तो कागद धावत भाऊंकडे नेला. छापून आलेली गोष्ट, चांगली असो वाईट असो, आमच्यासारख्यांना मोठीच वाटते. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. भाऊ दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच.

"अक्का पेपर वाचते का?" त्यांनी विचारलं.

"अक्काला वाचता येत नाही, भाऊ."

"मग ठेव."

ते पुन्हा आरशाकडे वळले. त्यांना एकच मत हवं होतं आणि तेच कुणी आणून देत नव्हतं. मीही नाही. खरं तर तेच आणायला मला पाठवलं होतं.

पेपर संपल्यावर मी गावी गेलो तेव्हा भाऊंनी एक कॅसेट फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली होती. पारोळ्याला बस थांबली तेव्हा खिडकीतून ऊन थेट पिशवीवर पडत होतं. कॅसेट वितळेल या भीतीनं मी ती सगळा रस्ता शर्टाच्या आत धरून बसलो. शेवंताअक्का अंगणात सुनेबरोबर शेवया करत होती. खाटांवर ओल्या शेवया पसरलेल्या. तिचे दोन्ही हात पिठानं भरलेले. मी कॅसेट पुढे केली.

"हाई काय शे?"

"भिकनभाऊंची गाणी आहेत, अक्का. तुमच्यासाठी दिलीत."

तिनं वेष्टनावरचा फोटो पाहिला. फार वेळ नाही. "वायला दिसे," ती म्हणाली. वाळलाय. मग भाऊ कधी येणार ते विचारलं, "तो कव्हय येवाव शे, सांगं का त्यानं?"

"नाही."

"मग ठेव तठे." तिनं हनुवटीनं ओट्यावरच्या कोनाड्याकडे खूण केली. कोनाड्यात कंगवा, उदबत्तीचा पुडा आणि बंद पडलेलं घड्याळ होतं. तिथं मी कॅसेट ठेवली. तिनं मला गूळपाणी दिलं, आईची विचारपूस केली, माझ्या निकालाचं विचारलं. कॅसेटबद्दल शब्द नाही. घरात टेपरेकॉर्डर होता, मी पाहिला. शेवया करता करता सून त्यावर सिनेमाची गाणी ऐकत होती.

परत धुळ्याला आलो तर भाऊ दारातच.

"अक्का काय म्हटली?"

"ठेव म्हटली."

"ठेव म्हणजे, ऐकते म्हटली?"

"नाही. ठेव म्हटली."

"कशी म्हटली? रागानं?"

"हातात पीठ होतं, भाऊ."

हा संवाद मग आमच्यात सारखा होऊ लागला. निकाल घ्यायला गेलो, खोली सोडायला गेलो, मध्ये एकदा पुस्तकं न्यायला गेलो, दर वेळी. "अक्का काय म्हटली?" जणू मी मधल्या काळात तिचं मत लपवून ठेवलं आहे. मला भाऊंबद्दल फार आदर आहे, पण एकदा माझाही तोल गेला. म्हटलं, "भाऊ, तुम्ही स्वतः का जात नाही? सकाळी बसलं की दुपारच्या आत माणूस पोचतो."

ते पेटीचा भाता नुसता उघडत-मिटत राहिले. "काय तोंड घेऊन जाऊ?" ते म्हणाले. "गाण्यात तोंड तरी दिसत नाही."

आईला मी हे सगळं सांगितलं, कॅसेटही ऐकवली. ती भाकरीचं पीठ मळता मळता ऐकत होती. आमच्या आईनं आजवर कुठल्या गोष्टीवर मत दिलं नव्हतं, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं. तिसरं गाणं संपल्यावर ती म्हणाली, "गळा गोड शे. पन इतलं गाईसन बी घरातच बसना. एक बस धरी असती तं?" म्हणजे एवढं गाऊनही बसला घरातच. इतकंच बोलून तिनं तवा चुलीवर ठेवला.

मला सगळ्यांचाच राग येत होता. बँड नाही म्हणणाऱ्यांचा, मिशा म्हणणाऱ्यांचा, विलंबित लय म्हणणाऱ्यांचा. भाऊंचा, की त्यांनी निरोपाची कॅसेट केली आणि ती दुकानात लावली. अक्काचा, की कोनाड्यात ठेवली. थोडा माझाही, कारण मला ती कॅसेट खरंच आवडली होती आणि का आवडली हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. आजही येत नाही. इतकंच सांगू शकतो की दुसऱ्यांच्या आनंदासाठी जो माणूस आयुष्यभर भोंग्यातून ओरडला, तो स्वतःचं सांगायची वेळ आली तेव्हा इतकं हळू बोलला की ऐकायला जवळ जावं लागतं. आणि तिसऱ्या गाण्याआधी तो पाणी पितो, कारण घसा कोरडा पडतो. पुरवणीवाल्याला तो ढिसाळपणा वाटला. मला तिथं दर वेळी वाटतं की आता हा गाणार नाही, उठून जाईल. आणि तो गातो. हे मत म्हणून चालेल की नाही, मला ठाऊक नाही.

त्याच उन्हाळ्यातली आखाजी मात्र विसरता येत नाही. मी गावाहून मुद्दाम आदल्या दिवशी धुळ्याला आलो होतो. वाटलं, कॅसेट केली आहे, निरोप पोचला आहे, यंदा तरी भाऊ जातील. आम्ही दोघं बरोबर जाऊ, मी वाट दाखवीन, असंही मनात ठरवलं होतं. सकाळी त्यांच्या दारात गेलो तर लाल कोट वाळत होता. दुपार कलल्यावर मी चौकात उभा होतो आणि समोरून वरात आली. भोंग्यांची गाडी, नाचणारे मामा, उडणारी धूळ. गाडीवर भिकनभाऊ. कपाळावरून घाम कोटाच्या कॉलरात उतरत होता आणि ते वरातीचं गाणं ओरडत होते. 'नवरी चालली सासरला' असलं काही. त्यांची माझी नजरानजर झाली. त्यांनी गाणं न थांबवता हात असा हलवला, की काय करू. मी मान फिरवली. पोपटशेठ दुकानाच्या पायरीवर उभे होते. ते खुशीत म्हणाले, "हा खरा भिकनभाऊ. बघ, आहे की नाही बँड?"

यंदाची आखाजी परवाच झाली. मी गेलो नाही. परीक्षा आहे हे कारण होतं, आणि पुन्हा तो कोट वाळताना पाहायचा नव्हता हेही. घरमालकीणबाईंनी डब्यात सांजोऱ्या दिल्या. समोरच्या पटांगणातल्या निंबाला झोका होता, त्यावरून बायांची गाणी येत होती, आणि त्यांच्यावरून कुठल्याशा बँडची. मी खिडकी लावून घेतली आणि हा लेख लिहायला बसलो. शेवट काय करावा ते सुचेना. कॅसेट अजून कोनाड्यात आहे, असंच लिहून संपवणार होतो.

आज सकाळी दार वाजलं. बाहेर पोपटशेठ. जळगावला कोऱ्या कॅसेटी घ्यायला आले होते, शोधत शोधत खोलीवर आले. चेहऱ्यावर वैताग. माठातलं पाणी प्यायले, टोपीनं वारा घेतला आणि म्हणाले, "तुझ्या भिकनभाऊनं बँडवाल्याला आखाजीला तोंडघशी पाडलं. वरात सुरू व्हायची वेळ, आणि हा घरात."

"का? आजारी आहेत?"

"कसला आजारी. बहीण आली त्याची."

मी वही मिटली.

"आणायला कोण गेलं होतं?"

"कोणी नाही. तीच आली. आखाजीच्या सकाळी, एकटी, बसनं. गल्ली सगळी बघत राहिली, मीही. हा कोट घालून निघायच्या बेतात, आणि ती दारात उभी." पोपटशेठ आणखी पाणी प्यायले. "सुनेला म्हणे त्या कॅसेटवर रेडिओची गाणी भरायची होती. आधी काय आहे बघू म्हणून लावली, तर म्हातारीनं आतून ऐकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायला लावली. आणि मग आली ती सरळ भांडायलाच."

"काय म्हटली?" मी विचारलं. माझा आवाज भाऊंसारखाच आला असावा.

"पाणीसुद्धा घेतलं नाही आधी. म्हणे, 'मी आखाजीसाठी नही उनू. तुनं गानं चुकनं शे, ते सांगाले उनू.' सणाला नाही, चूक काढायला आली. म्हणे, 'मी नही रडनू, भिकन. तू तठे व्हता का?' गाठोडं सोडलं, म्हणे, लुगडं परत ट्रंकेत ठेवलं आणि भाकरी करायला बसले. रडत बसायला वेळ कुणाला होता. साऱ्या मुलखाला सांगत फिरतोस की अक्का रडली."

मला ओटा आठवला, सर आठवले, पुरवणी आठवली. सगळ्यांना मिळून एकच ओळ पटली होती.

"मग भाऊ?"

"काय करणार. कोटासकट खाली बसला. म्हणे, बरोबर करतो. पेटी काढली. बँडवाल्याचा माणूस दोनदा बोलवायला आला, त्याला मी परत पाठवला. आता ते 'भाकरी' त्या चालीत जुळत नाही. हा म्हणून दाखवतो, ती म्हणते, नाही, पुन्हा. हा पुन्हा पहिल्यापासून. 'ओळ जुळेपर्यंत मी इथून हलणार नाही' म्हणते. बायकोनं परवा मांडे केले, काल पुन्हा केले. मला म्हणतात, जुळली की नवी भरायची, म्हणून या कोऱ्या कॅसेटी." त्यांनी पिशवी हलवून दाखवली आणि कपाळ पुसलं.

"आणि जुळली का?"

"कुठली जुळते," पोपटशेठ वैतागून म्हणाले. "वरातीला उभ्या उभ्या दहा गाणी जुळवणारा माणूस, त्याला एक भाकरी जुळेना. मला तर वाटतं, तो मुद्दामच जुळवत नाहीये."